हशाची वर्गणी

परप्रांती नेमणूक झालेल्या मराठी कर्मचाऱ्याच्या तोंडी पहिल्या वर्षी दोन तक्रारी हटकून असतात. एक, बाजरीचे पीठ मिळत नाही; दुसरी, नाटक पाहावयास मिळत नाही. पैकी पहिली वर्षभरात आपोआप मिटते, कारण गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत बाजरी येऊ लागते. दुसरी मात्र निवृत्तीपर्यंत पुरते. "पुण्यात असताना महिन्याकाठी दोन प्रयोग चुकत नसत हो," असे म्हणून सुस्कारा सोडणारे अधिकारी आम्ही चार राज्यांत पाहिले. त्यांतील कित्येकांनी पुण्यात असताना वर्षाकाठीही दोन प्रयोग पाहिले नसावेत, असा आम्हांस दाट संशय आहे. परंतु वियोगात प्रीती वाढते, तशी बदलीत रसिकताही वाढत असावी.

आमचे म्हणणे असे की ही तक्रार खोटी आहे. ती खोटी असल्याचे आपणांस ठाऊकही आहे. तरीही आपण ती जोपासतो, कारण तिच्यामुळे आपण रसिक ठरतो आणि त्यासाठी आपल्याला खुर्चीवरून उठावेही लागत नाही. हे विधान कठोर वाटेल. ज्यांना वाटेल त्यांनी पुढील मजकूर अवश्य वाचावा, कारण तो त्यांच्यासाठीच लिहिला आहे. आणि अपराध्यांच्या यादीत पहिले नाव आमचेच असल्यामुळे लेखकावर रागावण्याची सोयही त्यात आहे.

आमचा मुक्काम सध्या बेट्टदपुर येथे आहे. म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्यातले हे गाव. कन्नडमध्ये 'बेट्ट' म्हणजे डोंगर. गावाच्या माथ्यावर खरोखरच एक उंच, शंकूसारखा डोंगर उभा आहे आणि त्याच्या शिखरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. 'सिडिलु' म्हणजे आकाशातली वीज. वीज या देवाच्या दर्शनास उतरते, अशी इथली श्रद्धा आहे. भोवताली तंबाखूची शेते. पावसाळा सरता सरता पाने वाळवण्याच्या भट्ट्या पेटतात आणि साऱ्या गावाला एक गोडसर, जड वास चिकटून राहतो. म्हैसूर येथून एस.टी.ने दोन तासांवर. बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने अत्यंत कळवळ्याने विचारले होते, "म्हणजे आता नाटकबिटक संपलेच की!" आम्हीही मान हलवली होती. तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या मान हलवण्याची आज आम्हांस लाज वाटते.

जोंधळा दळावयास आम्ही गिरणीत गेलो, तेथून हे प्रकरण सुरू झाले. गिरणीचे मालक साठीच्या घरातले, पीठाने पांढरे झालेले गृहस्थ. पट्टा बंद होता, वीज गेली होती, आणि हे गृहस्थ पोत्यांच्या आड बसून पेटी वाजवीत होते. वाजवीत होते ती चाल आमच्या ओळखीची निघाली. लहानपणी आजोबांच्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकलेल्या नाट्यपदाची ती चाल होती. शब्द तेवढे कन्नड. आम्ही मोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, "मेष्ट्रे, हे गाणे आमच्याकडचे आहे." त्यांनी भाता न थांबवता उत्तर दिले, "नाही सार, आमच्याकडचे आहे. माझ्या गुरूंनी शिकवले." यावर दोघेही हसलो. पुढे आम्हांस कळले की गावोगावच्या शेतकऱ्यांना पौराणिक नाटके बसवून देणारे हे पेटीमास्तर. गिरणी हे त्यांचे पोट, आणि नाटक हे त्यांचे बाकी सर्व काही. पंचक्रोशीत त्यांना सगळे मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, एवढेच म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो.

तंबाखूचे पैसे हाती आले आणि जत्रांचे दिवस सुरू झाले की जुन्या म्हैसूर मुलखातल्या खेड्यांत 'कुरुक्षेत्र' नाटकाचे वारे वाहू लागते. कृष्णसंधानापासून दुर्योधनाच्या अंतापर्यंतचे सारे भारत एका रात्रीत. रात्री दहाच्या सुमारास नांदी, आणि भैरवी होईतो कोंबडे आरवून गेलेले असतात. पडदे, किरीट, गदा, दाढ्या सारे भाड्याने येते. द्रौपदीचे काम करावयास गावची बाई सहसा उभी राहत नाही. तालुक्याहून वा म्हैसूरहून व्यावसायिक नटी बोलावतात, आणि तीच बहुधा साऱ्या संचात सुरात गाते. पुरुषपात्रे सगळी गावची: कोणी तंबाखूवाला, कोणी दूध सोसायटीचा चिटणीस, कोणी ट्रॅक्टरचालक. आणि आमच्या वाचकांना चकित करील अशी गोष्ट पुढेच आहे. या नाटकात काम करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. त्याला ते द्यावे लागतात. दुर्योधनाचा दर सर्वांत चढा, कृष्णाचा त्याखालोखाल, विदुर स्वस्त. एकाच कृष्णाची हौस तिघांना असली तर तीन कृष्ण होतात: संधानाचा एक, गीतोपदेशाचा दुसरा, आणि उरलेल्या प्रवेशांना तिसरा. दोन-तीन महिने रोज रात्री जेवणखाण आटोपून तालीम चालते, आणि ज्याने आयुष्यात सातवीपुढे पुस्तक उघडले नाही असा गडी जुन्या कन्नडातली कंदपद्ये मुखोद्गत म्हणू लागतो. आपल्या जुन्या संगीत नाटकांतल्या साक्या-दिंड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या कंदपद्यांचे नाते सांगावे लागू नये.

हे नाटक उत्तम असते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उगाच ग्रामीणाचे कौतुक करण्याची जी एक शहरी खोड आहे ती आम्हांस नाही. ध्वनिक्षेपक इतका मोठा लावतात की पहिल्या रांगेत बसणाऱ्याचे कान दोन दिवस वाजत राहतात. प्रत्येक गडी दिलेले पैसे वसूल करावयास आल्यासारखा गातो. मध्येच नातेवाईक रंगमंचावर चढून धर्मराजाच्या गळ्यात हार घालतात, आणि धर्मराज वनवासाचे दुःख बाजूला ठेवून छायाचित्रासाठी उभा राहतो. आम्ही पाहिलेल्या पहिल्या प्रयोगात भीष्म शरपंजरी पडले ते बराच वेळ पुन्हा उठेनात, कारण पहाटेचे चार वाजले होते आणि त्यांना खरोखरच झोप लागली होती. पण त्या मैदानात दीड हजार माणूस तरी घोंगड्या पांघरून बसला होता. द्रौपदीने केस मोकळे सोडले तेव्हा आमच्या शेजारच्या म्हातारीने पदराने डोळे टिपले. ती हे नाटक जन्मात कितव्यांदा पाहत होती कोण जाणे! हीच गोष्ट गुब्बी वीरण्णांच्या कंपनीने रंगवली तेव्हा रंगमंचावर खरे हत्ती-घोडे आणले होते. हत्ती गेले, म्हातारी अजून बसलेली आहे.

आता दुसऱ्या प्रयोगाकडे वळू.

गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातील मराठी मंडळाने 'हास्यरजनी' योजली. शहराचे आणि मंडळाचे नाव सांगत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही, कारण वाचक ज्या शहरात हा अंक वाचीत असतील त्याच शहराचे नाव तेथे घातले तरी कथेत बाध येणार नाही. दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचलेले तीन विनोदवीर मुंबईहून विमानाने येणार होते. तिकीट आठशे रुपये. आम्ही कुटुंबासह जाण्याचे ठरवले, आणि एक तिकीट जास्तीचे काढले. ते मेष्ट्रूंसाठी. त्यांच्या 'कुरुक्षेत्रा'त आम्ही तीन रात्री जागवल्या होत्या, त्याची ही फेड. शिवाय, खरे सांगावयाचे तर, आमच्या मनात थोडा दिमाखही होता: 'तुमचे पाहिले, आता आमचे पाहा.' मराठी रंगभूमी कशाला म्हणतात ते या पेटीमास्तरास एकदा दाखवावे, अशी ती इच्छा होती. मेष्ट्रु धुतलेले धोतर नेसून, खांद्यावर जरीकाठी उपरणे टाकून आले. नाटकाला जाताना ते नेहमी तसेच जातात.

सहाची वेळ, पडदा सव्वासातास वर गेला. मग दीपप्रज्वलन. मग अध्यक्ष, कार्याध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि प्रायोजक यांचे सत्कार, शाल व श्रीफळ. मग मंडळाच्या वार्षिक कार्याचा आढावा, ज्यात तीन सहली व एक हळदीकुंकू यांचा उल्लेख होता. आठ वाजता विनोदवीर आले. एकाने साडी नेसली होती. त्याने नुसता पदर सारखा केला आणि सभागृह कोसळले. दुसरा स्थूल होता. त्याच्या स्थूलपणावर वीस मिनिटे गेली. सासू झाली, बायको झाली, टक्कल झाले. तिसऱ्याच्या हाती कागद होता आणि तो कागद लपवण्याचे कष्टही त्याने घेतले नाहीत. आम्ही मेष्ट्रूंच्या कानाशी लागून जमेल तसा अर्थ सांगत होतो. ते नम्रपणे मान डोलवीत होते.

तेवढ्यात त्या तिसऱ्याने उपस्थितांच्या 'स्थानिक अडचणी'ंवर विनोद सुरू केला. कपाळाला आडवे पट्टे ओढले, धोतर गुडघ्यावर दुमडले, 'अय्यो' म्हणाला, आणि घरमालक, रिक्षावाला व भाजीवाला अशी तीन दाक्षिणात्य पात्रे एकाच आवाजात काढली. इडली आली, सांबार आले, हाताने भात कालवणे आले. त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा त्या पाच मिनिटांत पिकला. माणसे खुर्चीतून पुढे वाकून हसत होती. बाहेर त्यांच्या गाड्या राखीत उभे असलेले चालक कन्नड होते, ध्वनिव्यवस्था सांभाळणारा पोरगा कन्नड होता, आणि आमच्या शेजारी धुतलेल्या धोतरातला, जरीकाठी उपरण्याचा माणूस बसला होता. त्यास या वेळी अर्थ सांगण्याची गरज नव्हती. आम्ही समोर पाहत राहिलो. मान वळवण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

परतीच्या गाडीत मेष्ट्रु त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. हुणसूर मागे पडल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "सार, तुमच्याकडे तालीम करत नाहीत का? तो कागद बघून बोलत होता." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि कोणी गायले नाही." हे दोन आक्षेप त्यांनी व्यावसायिक म्हणून घेतले होते, तिसरा घेतला नाही, तो सभ्य माणूस म्हणून.

यावर मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याशी आमची दूरध्वनीवरून खडाजंगी झाली. त्यांचे उत्तर सविस्तर देतो, कारण ते सर्वत्र दिले जाते. एक, लोकांना हेच हवे असते. दोन, आठवडाभर कचेरीत मान मोडणाऱ्या माणसाला दोन घटका हसू द्या, त्यात शास्त्र काढू नका. तीन, एवढ्या दूर पूर्ण नाटकाचा संच आणणे परवडत नाही. नेपथ्य, पंधरा माणसे, दोन दिवसांचा मुक्काम, कोण देणार? चार, आपली मुले मराठी विसरत चालली आहेत, निदान विनोदाच्या निमित्ताने चार शब्द कानी पडतात.

विनोदाशी आमचे वाकडे आहे असा समज कोणी करून घेऊ नये. देवलांच्या 'संशयकल्लोळा'वर आणि अत्र्यांच्या 'साष्टांग नमस्कारा'वर आमच्या घरच्या दोन पिढ्या हसल्या. कचेरीतील माणसास विनोदाची गरज इतरांहून अधिक आहे, हेही आम्ही जाणतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांतील नववा नियम आमच्या बहुतेक वाचकांस पाठ असेल: सरकारच्या धोरणावर वा कृतीवर प्रतिकूल टीका ठरेल असे विधान सरकारी नोकराने प्रसिद्ध करू नये. म्हणजे आपल्याला सर्वांत जास्त हसू ज्या गोष्टीचे येते, तीच नेमकी बोलावयाची नाही! अशा माणसाला विदूषक लागतो, जो त्याच्या वतीने बोलेल. याच म्हैसुरात जन्मलेले मास्टर हिरण्णय्या 'लंचावतार' नावाच्या नाटकात लाचखोरीची सालटी काढीत, आणि त्या दिवशीच्या घडामोडींवर ऐनवेळी भाषणे करीत. 2019 साली ते वारले. आम्हांस तो प्रयोग पाहावयास मिळाला नाही. ज्येष्ठ सहकारी सांगतात की समोर बसलेल्या साहेबांच्या डोळ्यांत पाहून ते बोलत, आणि साहेबही हसत. नाटकाची सत्तेला भीती वाटते, हे इंग्रजांनी 1876 सालीच कायदा करून मान्य केले होते. त्यांनी खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी घातली ती काही त्यातल्या पदांना घाबरून नव्हे. तो 1876 चा कायदा स्वतंत्र भारताच्या पुस्तकातही सत्तर वर्षे पडून होता. संसदेने तो 2017 च्या निरसन विधेयकाने रद्द केला.

मग त्या रात्रीच्या हशात आम्हांस खुपले काय? त्यात हसणाऱ्याचे स्वतःचे काहीच पणाला लागले नव्हते, हे खुपले. पु. ल. देशपांडे 1961 साली 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा चाळ त्यांचीच होती. समोर बसलेले प्रेक्षकही त्याच चाळीतून उठून आलेले होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्याने पन्नासावर पात्रे उभी केली, आणि त्यांत हास्यास्पद ठरतात ते लंडनचे लोक नव्हेत; ठरतात आपलेच गाववाले, आणि तेही मायेने. आता पदाधिकारी महाशयांच्या तिसऱ्या मुद्द्याकडे वळू. दूरच्या गावी नाटक नेणे परवडत नाही म्हणता? ही दोन्ही उदाहरणे एकेका माणसाची आहेत. नेपथ्याचा खर्च एक खुर्ची आणि एक उपरणे. तीन विनोदवीरांच्या विमानखर्चात असा एखादा कसलेला नट आठवडाभर ठेवून घेता येतो, पोरांची कार्यशाळा घेता येते. पण तसे केले तर सत्काराच्या शाली कोणास घालणार, ही अडचण उरते, हे आम्ही मान्य करतो.

'लोकांना हेच हवे असते' या मुद्द्यास तर आम्ही उत्तरच देणार नाही. 'कुरुक्षेत्रा'च्या मैदानात बसलेल्या म्हातारीला काय हवे होते, ते तिला कोणी विचारले नव्हते. तिला दिले गेले, आणि तिने घेतले. शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडु नावाचे सुपारीच्या बागांतले एक खेडे आहे. तेथील के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम्'ने, म्हणजे 1949 साली उभ्या राहिलेल्या एका साध्या गावकरी नाट्यमंडळाने, त्या खेड्यातल्या लोकांना शेक्सपिअर दाखवला. आणि 1985 पासून त्यांचा 'तिरुगाट' हा फिरता संच नाटके घेऊन कर्नाटकातल्या लहान-लहान गावांत हिंडतो. सुब्बण्णांना 1991 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीवाल्यांना हेच हवे होते का, असे विचारीत ते बसले असते तर आजही तेथे सुपारीच असती.

चौथा मुद्दा मुलांचा. तो नाजूक आहे, आणि आमच्याही घरात आहे. आमचा मुलगा नऊ वर्षांचा; कन्नड त्यास आमच्याहून चांगले येते, मराठी तो आमच्याशी आणि दूरध्वनीवरून आजीशी बोलतो. मराठी टिकावी, ही तळमळ आम्हांसही आहे. परंतु साडीतल्या पुरुषाने पदर सारखा केल्याने ती टिकत नाही. मुलास वाक्य तोंडी द्यावे लागते, ते त्याने चुकवावे लागते, आणि पुन्हा म्हणावे लागते. याच बेट्टदपुरात संकेती ब्राह्मणांची जुनी वस्ती आहे. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी तामिळ-मल्याळी सीमेवरून इकडे आले. घरात ते आजही संकेती बोलतात, जिच्यात तामिळ, मल्याळम् आणि कन्नड यांची मिसळ आहे. आणि घराबाहेर त्यांनी कन्नड मुलखाला वेदविद्या दिली, संगीत दिले. कावेरीकाठचे रुद्रपट्टण हे त्याच समाजाचे दुसरे गाव; आर. के. श्रीकंठन् यांच्यासारखा गवई तेथला. या लोकांनी आपली भाषा टिकवली ती शेजाऱ्याच्या भाषेला हसून टिकवलेली नाही. आम्ही एका वृद्ध संकेती गृहस्थांना विचारले की तुमच्या मुलांना घरची भाषा कशी येते. त्यांना प्रश्नच कळला नाही. "घरात दुसरे काय बोलणार?" असे त्यांनी उलट विचारले.

आणि शेजाऱ्याचे म्हणाल, तर मराठी रंगभूमीला कानडी शेजाऱ्याचे किती देणे आहे, याचा हिशेब आपण लेखनिक असूनही कधी मांडीत नाही. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून तसेच काही मराठीत करावे, असे चिंतामणराव पटवर्धनांच्या मनात आले. त्यातून 1843 साली विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' उभे राहिले. 'शाकुंतला'ने 1880 साली संगीत नाटकाचे युग उघडणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गिरीश कार्नाड 1938 साली माथेरानला जन्मले, कन्नडमध्ये लिहिते झाले, आणि त्यांचा 'तुघलक' व 'हयवदन' मराठी रंगमंचाने आपलेच म्हणून घेतले. त्याही मागे जावे तर तंजावरास शहाजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके लिहिली, भाव्यांच्या दीडशे वर्षे आधी. आणि त्यांच्याच नावावर 'पंचभाषाविलास' नावाचे एक नाटक आहे, ज्यात संस्कृत, तामिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर नांदतात. परमुलखात राज्य करणारा मराठा राजा पाच भाषांत नाटक लिहितो, आणि परमुलखात टंकलेखन करणारे आपण सहाव्या महिन्यात म्हणतो, "भाषा कळत नाही, नाटक काय पाहणार!"

भाषा कळत नाही, ही सबब सहा महिने चालावी. पहिल्या 'कुरुक्षेत्रा'त आम्हांसही निम्मे कळले नाही. पण दुर्योधन कशावर चिडला आहे, हे कळावयास व्याकरण लागत नाही. म्हैसूरला 'रंगायण' आहे. ब. व. कारंतांनी 1989 साली ते उभे केले. लहानपणी घरातून पळून गुब्बी कंपनीत गेलेला हा माणूस पुढे दिल्लीच्या नाट्यविद्यालयात शिकला आणि अखेर म्हैसुरी परतला. तेथे शनिवार-रविवारी प्रयोग असतात, तिकीट आमच्या त्या हास्यरजनीच्या आठव्या हिश्श्यालाही लागत नाही, आणि 'बहुरूपी' महोत्सवात देशभरच्या भाषांतली नाटके येतात, कधी मराठीही. म्हैसुरात केंद्र सरकारच्या कचेऱ्या व संस्था कमी नाहीत, मराठी माणसेही कमी नाहीत. आम्ही तेथे गेल्या दोन वर्षांत सात वेळा गेलो. मराठी शब्द कानावर पडला तो एकदा, आणि तोही वाहनतळावर. ते कुटुंब शेजारच्या रस्त्याने खरेदीस निघाले होते.

आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की आम्ही उगाच चिडतो. लोक दमलेले असतात, त्यांना आपल्या भाषेत आपल्या माणसांत बसावेसे वाटते, यात पाप काय? यात पाप नाही, हे आम्हीही कबूल करतो. परक्या गावी सलग आठ दिवस दुसऱ्या भाषेत विचार केल्यावर मराठीतली एक साधी शिवीदेखील कानास किती गोड लागते, ते आम्हांस ठाऊक आहे. त्या रात्री पहिल्या तासाला आम्हीही हसलो होतो. साडीच्या पदरालाही हसलो होतो. मेष्ट्रु शेजारी नसते तर पुढच्या पाच मिनिटांनाही हसलो असतो, ही कबुली येथे दिल्यावाचून लेख पुरा होणार नाही. आमच्या रागाचे मूळ तेच आहे.

मंडळाची या वर्षीची वर्गणी आम्ही भरली आहे. सोबत एक पत्रही पाठवले. त्यात तीन सूचना केल्या. सत्कार प्रयोगानंतर करावेत, म्हणजे ज्यांना पाहावयाचे आहेत ते थांबतील. वर्षातून एक नाटक मंडळाच्या सभासदांनी व त्यांच्या मुलांनी स्वतः बसवावे, मग ते कितीही वाईट होवो. आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून एक कन्नड नाटक पाहावयास जावे. पत्राची पोच आली आहे. पुढील हास्यरजनीची जाहिरातही त्याच लिफाफ्यात आली.

इकडे मेष्ट्रूंनी येत्या जत्रेचे 'कुरुक्षेत्र' बसवावयास घेतले आहे. गेल्या आठवड्यात दळण आणावयास गेलो तेव्हा त्यांनी आमच्यापुढे एक कागद सरकवला. कृष्णसंधानाच्या प्रवेशात दुर्योधनाच्या दरबारी जो दूत येतो, त्याची दोन वाक्ये होती, कन्नड शब्द देवनागरीत लिहून. कोणा शाळकरी पोराकडून त्यांनी ती उतरवून घेतली असावी. "पाचशे रुपये, सार," ते म्हणाले, "तुम्हांला चारशे." आम्ही साहेबांना विचारून सांगतो म्हणालो. साहेबांनी नियमांचे पुस्तक उघडले. पंधराव्या नियमात असे आहे की कर्मचाऱ्याने अधूनमधून कलाविषयक काम केल्यास पूर्वपरवानगीची गरज नाही, मात्र त्याने कर्तव्यात बाध येता कामा नये. पैसे घेऊन काम करण्याविषयी पुस्तकात बरेच आहे. पैसे देऊन काम करण्याविषयी साहेबांना काही सापडले नाही. त्यांनी तोंडी होकार दिला. दुसऱ्या दिवशीची किरकोळ रजा आम्ही टाकली आहे. तालीम रात्री नऊला असते. दुसऱ्या वाक्यातला एक 'ळ' अजून बसत नाही, आणि तो मुलगा रोज जेवताना सुधारून देतो.